सलाईनच्या बाटलीनं खरंच ताकद येते का?

कपाशीकाठ | १८ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. बाबा ६६ वर्षांचे, अजून शेतात राबतात. अखजी (अक्षय तृतीया) झाली की वखरणी आणि धसकटं वेचणं सुरू. सकाळी सहाला गेले की अकरा-साडेअकराशिवाय घरी येत नाहीत. सोबत पाण्याची कॅन असते, पाणी भरपूर पितात. तरी पाच-सहा दिवसांत ढेपाळतात. पिंढऱ्यात गोळे येतात, डोकं दुखतं, जेवण जात नाही.

मग तालुक्याच्या गावी जाऊन डॉक्टरला सांगतात, "मले दोन बाटल्या लावून दे बावा, आंगात जीवच नाई रायला." डॉक्टरही लावून देतात. घरी येतात ते चालत, हसत. दोन दिवस बरे राहतात आणि मग पुन्हा तेच. या उन्हाळ्यात आतापर्यंत तीन वेळा झालं.

त्या बाटलीत नेमकं काय असतं? त्यानं ताकद येते की नुसतं वाटतं? बाबांना बीपीची गोळी आहे, तिला हे चालतं का? डॉक्टरला विचारलं तर "काही होत नाही" एवढंच उत्तर मिळतं. जाणकारांनी जरा उलगडून सांगावं.

मोहफूल | १८ मे, रात्री १०:०५

आमच्याकडे डॉक्टर चांगला की वाईट हे बाटली लावतो की नाही यावरच ठरते. नुसत्या गोळ्या लिहून देणाऱ्याकडे दुसऱ्यांदा कोणी जात नाही.

औषधवाट | १८ मे, रात्री ११:२०

वर्धा जिल्ह्यात माझं औषधाचं दुकान आहे, या बाटल्या रोज हातातून जातात. लेबल वाचायला शिका, सगळं त्यावर लिहिलेलं असतं.

'एनएस' म्हणजे नॉर्मल सलाईन. लिटरला ९ ग्रॅम साधं मीठ, बाकी निर्जंतुक पाणी. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे लहान चमचाभर सुद्धा नाही. 'डीएनएस' असेल तर त्याच पाण्यात २५ ग्रॅम ग्लुकोज जास्तीचं. त्यातून मिळणारी ऊर्जा शंभर कॅलरीच्या आतबाहेर, ज्वारीच्या एका भाकरीएवढी म्हणा फार तर. 'आरएल' म्हणजे रिंगर लॅक्टेट, त्यात मिठासोबत थोडं पोटॅशियम, थोडं कॅल्शियम आणि लॅक्टेट.

काही जण त्यात व्हिटॅमिनचं पिवळं इंजेक्शन टाकतात. बाटली पिवळी दिसली की पेशंटला वाटते आता खरी ताकद आली.

तुमच्या बाबांना कोणती लावतात ते आधी बघा.

पोळ्याचाबैल | १९ मे, सकाळी ७:१५

औषधवाट भाऊ, तुमचा हिशोब बरोबर असेल, पण अनुभव वेगळा सांगते. मागच्या वर्षी गाडीत सोयाबीनचे पोते भरता भरता मी खाली बसलो तो उठलोच नाही. दोन बाटल्या लावल्या, तासाभरात उभा झालो. चमचाभर मिठानं माणूस उभा होते का? काही तरी असेलच ना त्याच्यात. पुस्तकातलं ज्ञान अन् आंगावर आलेलं दुखणं यात फरक असते.

रानपाखरू | १९ मे, दुपारी २:३०

पोळ्याचाबैल, तुमचा अनुभव खोटा नाही आणि औषधवाट यांचा हिशोबही खोटा नाही. चमचाभर मिठानं माणूस खरंच उभा होतो. मी नर्सिंगच्या मुलींना शरीरशास्त्र शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल, चालवून घ्या.

७० किलोच्या गड्याच्या अंगात साधारण ४२ लिटर पाणी असतं. त्यातलं २८ लिटर पेशींच्या आत आणि १४ लिटर बाहेर. बाहेरच्या चौदापैकी रक्तवाहिन्यांत पातळ द्रव म्हणून फिरतं ते जेमतेम तीन-साडेतीन लिटर. आतल्या पाण्यात पोटॅशियम जास्त, बाहेरच्यात सोडियम, म्हणजे मिठातला मुख्य घटक, जास्त. मधे पेशीचा पडदा आहे. पाणी त्यातून सहज ये-जा करतं, मीठ करू शकत नाही. म्हणून ज्या बाजूला विरघळलेलं जास्त, त्या बाजूला पाणी ओढलं जातं. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की सकाळी बरणीत पाणी सुटलेलं असतं, तेच हे. फवारणीत युरियाचं प्रमाण चुकलं की पान करपतं, तेही हेच.

पेशीवर एक पंप असतो. तो तीन सोडियम बाहेर टाकतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो, दिवसरात्र, प्रत्येक पेशीत. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये तो शोधला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्याचं नोबेल मिळालं. हा पंप आहे म्हणून नस संदेश नेते, स्नायू आखडतो आणि सुटतो, हृदय ठोके देतं.

आता तुमची पोत्यांची गोष्ट. घामात पाणी जातं तसं मीठही जातं, पण घाम रक्तापेक्षा कमी खारट असतो. भर उन्हात तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. पुरेसं परत पोटात गेलं नाही तर बाहेरचे ते १४ लिटर आटतात, रक्तवाहिन्यांतलं पाणी कमी होतं, बीपी उतरतं, डोळ्यांसमोर अंधारी येते. त्या वेळी एनएसचा लिटरभर द्रव शिरेत गेला तर त्यातला पाव हिस्सा रक्तवाहिन्यांत टिकतो आणि बाकीचा पेशींभोवतीच्या जागेत पसरतो. आटलेली विहीर थोडी भरली की मोटर पुन्हा पाणी उचलते. त्यात तासभर सावलीत आडवं पडणं झालं, पंख्याचा वारा मिळाला. माणूस उठून बसणारच.

ही ताकद आली असं आपण म्हणतो, प्रत्यक्षात गेलेलं पाणी आणि मीठ परत मिळालं. तेच तोंडानं मिळालं असतं तर सुई टोचायची गरजच नव्हती. उलट्या थांबत नाहीत, माणूस शुद्धीत नाही, बीपी फार उतरलंय, अशा वेळी मात्र शिरेतूनच द्यावं लागतं आणि तेव्हा ती बाटली जीव वाचवते.

पोळ्याचाबैल | १९ मे, दुपारी ३:१०

विहिरीचं पटलं ताई. मग नुसतं पाणी पेलं तर काऊन होत नाही? हा भाऊ तर म्हणते बाबा भरपूर पाणी पितात.

रानपाखरू | १९ मे, दुपारी ३:४५

अगदी हाच प्रश्न विचारायला हवा होता. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही गेलं, परत आलं फक्त पाणी. रक्तातलं सोडियम लिटरला १३५ ते १४५ मिलिमोलच्या मधे असावं लागतं. वरून पाणीच पाणी ओतलं की ते पातळ होतं आणि पाणी पेशींच्या आत शिरायला लागतं. पिंढऱ्यांत गोळे, मळमळ, डोकेदुखी. कपाशीकाठ यांनी बाबांचं जे वर्णन केलंय त्यात मला हेच दिसतंय, तरी खात्री तपासणीनंच होईल.

आणखी एक. उन्हात कामाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्यात शरीर शिकतं आणि घामातलं मीठ कमी करतं. म्हणून हंगामाच्या पहिल्या आठवड्यातच माणसं जास्त पडतात.

पूर्णाकाठ | १९ मे, रात्री ८:५०

मी खारपाणपट्ट्यातला, अकोला जिल्हा. अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून पूर्णेच्या खोऱ्यात जमिनीखालचं पाणी खारं आहे. रानपाखरू ताईंचं लोणच्याचं उदाहरण वाचलं आणि आमची शेती आठवली. बोअरचं पाणी दिलं की जमीन ओली दिसते, पण पीक मान टाकते. मुळापेक्षा मातीतलं पाणी खारट, मग मुळाला ते ओढता येत नाही. ओल्या रानात पीक तहानेनं मरते हे ज्यानं पाहिलं त्याला हे शरीरातलं गणित लवकर समजते.

आता माझा प्रश्न. आमचं पाणी खारंच आहे, तर आमच्या मजुरांना वेगळं मीठ लागत नसेल का? जुने लोक म्हणत, या पाण्याच्या माणसाला ऊन लागत नाही.

औषधवाट | १९ मे, रात्री १०:३०

नाही हो, त्यावर विसंबू नका. बोअरच्या खारेपणात एकटं साधं मीठ नसतं, बायकार्बोनेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम अशी बरीच सरमिसळ असते आणि ती बोअरगणिक वेगळी. मापच नाही त्याला.

पण पाण्यातल्या क्षारांवरून एक गोष्ट सांगतो. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत राहायचं. पुढं ऊर्ध्वपातित पाण्यात मीठ घालून बघितलं तर ते लवकर मंद पडू लागलं. शोध घेतला तेव्हा कळलं की आधीच्या वेळी मदतनिसानं नळाचंच पाणी वापरलं होतं, आणि त्या पाण्यात कॅल्शियम होतं. तिथून रिंगरचं द्रावण आलं. पुढं १९३२ मध्ये अमेरिकेत हार्टमन यांनी त्यात लॅक्टेट घातलं. आपली आरएलची बाटली ती हीच.

मोहफूल | १९ मे, रात्री १०:४८

मदतनिसाचं नाव कोणी ठेवलं नाही बाटलीला.

ओटाआणिचूल | २० मे, सकाळी ११:००

मी आशा कार्यकर्ती आहे, भंडारा जिल्ह्यात. ओआरएसबद्दल, म्हणजे हगवणीत पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल, कोणी बोललंच नाही अजून, म्हणून लिहिते.

घरोघरी पाकीट देते, पण दहा घरांत फिरले तर चार-पाच घरांत ते चुकीचं बनवलेलं सापडते. पाकीट एका लिटरचं असते. आयाबाया ते एका ग्लासात टाकतात, "घट्ट झालं तर लवकर गुण येईल" म्हणून. कोणी दोन चिमट्या टाकून उरलेलं पुडी बांधून डब्यात ठेवते. मी आता हातात पाण्याची लिटरची बाटली घेऊनच जाते आणि त्यांच्यासमोर पूर्ण पाकीट ओतते. घट्ट केलं तर त्या बाळाच्या आतड्यात अंगातलंच पाणी ओढलं जाते आणि हगवण वाढते. हे मला प्रशिक्षणात सांगितलं होतं, पण कैरीच्या फोडीचं उदाहरण आज मिळालं. उद्यापासून तेच सांगणार.

बनवलेलं २४ तासांत संपवायचं, उरलं तर फेकायचं. हगवणीत सोबत १४ दिवस झिंकची गोळी, हगवण थांबली तरी बंद करायची नाही. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, आणि सपाट म्हणजे बोटानं वरचं पुसून.

पोळ्याचाबैल | २० मे, दुपारी १२:२०

साखर ताकदीसाठी असते ना ताई? मग सहाच्या जागी बारा टाकली तर?

रानपाखरू | २० मे, दुपारी १:१५

तिथंच सगळे चुकतात. ओआरएसमधली साखर मिठाला आत नेण्यासाठी असते. आतड्याच्या पेशीवर एक दार आहे, ते सोडियम आणि ग्लुकोज सोबत आले तरच उघडतं. हगवणीत बाकीची दारं बिघडली तरी हे बहुधा शाबूत असतं. दोघं आत गेले की मागोमाग पाणी जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये ही जोडी मांडली. बारा चमचे साखर घातली तर दारातून न गेलेली साखर आतड्यातच राहते आणि उलट पाणी ओढते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं २००२ मध्ये ओआरएस आणखी पातळ केलं. आधी विरघळलेलं सगळं मिळून लिटरला ३११ मिलिऑस्मोल (विरघळलेल्या कणांचं माप) होतं, ते २४५ वर आणलं. आता सोडियम ७५ आणि ग्लुकोजही ७५, बरोबर जोडीजोडीनं. पाकिटात पोटॅशियम आणि सायट्रेट असतं, ते घरच्या मीठ-साखरेत नसतं, म्हणून पाकीट मिळत असेल तर पाकीटच.

हे औषध रणधुमाळीत सिद्ध झालं. १९७१ मध्ये बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलऱ्यानं माणसं जमिनीवर पडलेली आणि सलाईन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पिंपात कालवून नातेवाइकांच्याच हातून पाजायला लावलं. मृत्यू तीस टक्क्यांच्या आसपास होते, ते चार टक्क्यांच्या खाली आले. सुई नाही, बाटली नाही. ते २०२२ मध्ये गेले, २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. हे वर्गात सांगताना दरवेळी माझा गळा दाटतो.

ओटाआणिचूल | २० मे, दुपारी १:५०

आणि दुकानातले खोक्यातले गोड पेय ओआरएस म्हणून लेकराला पाजू नका. त्यात साखर जास्त अन् मीठ कमी. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) असल्या पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली.

निळीशाई | २० मे, रात्री ९:३०

हा धागा वाचून दोन दिवस घालमेल होतेय, म्हणून लिहितेच.

तीन वर्षांपूर्वी नवतपाच होता, मे अखेरचे ते तापते नऊ दिवस. आईला बीपीची गोळी होती, लघवी वाढवणारी असते ती. सगळे सांगायचे पाणी पी, पाणी पी. ती बिचारी दिवसाला पाच-सहा लिटर पाणी प्यायची आणि जेवण म्हणजे चतकोर भाकरी. त्यात बीपी आहे म्हणून मीठ जवळजवळ बंद. चौथ्या दिवशी मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायला लागली. रात्री उठून बंद चुलीवर भाकरी थापत बसली. शेजारच्या म्हणाल्या, बाहेरचं काही असेल, उतारा टाका. त्यात आमचा एक दिवस गेला. तो दिवस मला आजही छळतो.

नागपूरला नेलं तर सोडियम ११४. मी म्हटलं, मग भराभर मीठ द्या की. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी मला खाली बसवून समजावलं. अंगातलं मीठ थोडं कमी झालंय, पण त्यापेक्षा पाणी जास्त झालंय. मेंदूच्या पेशी सुजल्यात आणि त्या सुजेला हळूहळू सरावल्याही आहेत. सोडियम एकदम वर नेलं तर पेशींतलं पाणी झटक्यात ओढलं जाईल आणि मेंदूला कायमची इजा होईल. २४ तासांत आठ-दहापेक्षा जास्त वाढवायचं नाही. त्यांनी तीन टक्क्यांचं सलाईन थेंबथेंब सोडलं, दर काही तासांनी रक्त तपासलं, पिण्याचं पाणी मोजून दिलं आणि ती गोळी बंद केली. पाचव्या दिवशी आईनं मला माझ्या नावानं हाक मारली.

कपाशीकाठ दादा, तुमच्या बाबांच्या गोळीचं नाव आजच बघा. आणि रक्तातलं सोडियम तपासा. माझी कळकळीची विनंती आहे.

कपाशीकाठ | २० मे, रात्री ९:५५

ताई, वाचून अंगावर काटा आला. पाकीट काढून बघितलं, गोळीत लघवीचं औषध आहेच. उद्या सकाळीच नेतो.

काचपट्टी | २० मे, रात्री ११:१०

मी तालुक्याला लॅब चालवतो. नेताय तर एक सांगतो. रक्त लॅबमध्येच जाऊन द्या. गावात काढून मोटरसायकलच्या डिकीतून उन्हात हिंदकळत आणलेला नमुना खराब होतो. तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर येतं. रक्तात ते साडेतीन ते पाच हवं, पेशीच्या आत १४० च्या घरात असतं. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा फुगतो. काही जण शहाणपणा म्हणून नमुना तसाच फ्रिजमध्ये ठेवतात. वर ताईंनी जो पंप सांगितला तो थंडीत मंदावतो आणि पोटॅशियम हळूहळू झिरपतं. माणूस ठणठणीत आणि रिपोर्टवर पोटॅशियम साडेसहा. घरच्यांची पाचावर धारण बसते.

खरंच वाढलेलं पोटॅशियम मात्र हृदय बंद पाडू शकतं. किडनीचा पेशंट असेल तर शहाळ्याचं पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम कमी. त्यामुळे घामानं गेलेलं मीठ भरायलाही ते एकटं पुरत नाही.

झाडीपट्टी | २१ मे, सकाळी ६:४०

गडचिरोलीकडून लिहितो. आमच्याकडे सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) घराघरात आहे, माझ्या पुतण्याला आहे. त्याच्यासाठी पाण्याचा हिशोब अजून कडक. तांबडी पेशी सुकली की तिच्या आतलं हिमोग्लोबिन दाट होते आणि पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांत अडकते. मग हाडांत असं दुखते की पोट्टा रडून रडून निपचित पडते. त्यात अशा पेशंटची किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, अंगात पाणी कमी असलं तरी लघवी पातळच होते. म्हणून लघवीचा रंग बघून पाण्याचा अंदाज घ्यायचा ही युक्ती त्याच्यावर चालत नाही. शाळेत मास्तरांना सांगून ठेवलं आहे, त्याला पाण्यासाठी उठू द्या, परवानगी विचारायला लावू नका.

पोळ्याचाबैल | २१ मे, सकाळी ८:००

मास्तरांना सांगितलं हे लय चांगलं केलं भाऊ. अन् खिशात कांदा ठेवायचं कोणी बोललं नाही अजून. माझी माय कांदा दिल्याशिवाय घराबाहेर पडू देत नव्हती.

मोहफूल | २१ मे, सकाळी ८:१०

मायचा कांदा भाकरीसोबत खा, वरून आंबील पे. खिशातला कांदा ऊन पीत नाही.

रानपाखरू | २१ मे, सकाळी ९:२५

मोहफूल यांच्या आंबिलीला माझं अनुमोदन. ज्वारीचं पीठ, ताक, मीठ. पाणी, मीठ आणि थोडं पोटॅशियम त्यात आहेच. कैरीचं मीठ घातलेलं पन्हंही चांगलं, पण गूळ बेतानं.

मात्र माणूस उन्हात बरळायला लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तोंडात काही ओतू नका, श्वासनलिकेत जाईल. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगभर पाणी टाकून वारा घाला आणि १०८ ला फोन करा. ती उष्माघाताची लक्षणं आहेत. तिथं आधी अंग गार करायचं.

आणि ज्यांचं हृदय किंवा किडनी कमजोर आहे त्यांना हौसेनं बाटली लावू नका. आमच्या शेजारच्या काकांना अशक्तपणा म्हणून एका ठिकाणी सलग दोन बाटल्या लावल्या. हृदयाला तेवढं पाणी ढकलणं झेपलं नाही. रात्री फुप्फुसात पाणी उतरलं, झोपताच येईना, बसून श्वास घेत होते. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून वाचले.

कपाशीकाठ | २३ मे, रात्री ८:३०

मंडळी, उशीर झाला, क्षमस्व. तालुक्याच्या डॉक्टरांकडे न जाता जिल्ह्याला नेलं. काचपट्टी यांनी सांगितल्याप्रमाणे रक्त लॅबमध्येच दिलं. सोडियम १२९, पोटॅशियम ३.४, किडनीचा रिपोर्ट चांगला. डॉक्टरांनी बीपीची गोळी बदलली आणि आठ दिवसांनी रक्त पुन्हा तपासायला सांगितलं. तोवर शेतात जायचं नाही. नुसतं पाणी ढोसायचं नाही, तहानेपुरतं प्यायचं, जेवण पूर्ण घ्यायचं. मीठ किती घ्यायचं तेही लिहून दिलं, कारण बीपी आहे. बाटली लावली नाही.

बाबा दवाखान्यातून निघताना नाराज होते. "एवढ्या दूर आणलं अन् बाटली नाई?" मी रस्त्यात त्यांना पऱ्हाटीचं पान करपण्याची गोष्ट सांगितली, पूर्णाकाठ यांच्या ओल्या रानाची पण सांगितली. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हंजे मी पाणी पेऊ पेऊ सुकलो." आज दोन वेळा नीट जेवले. पिंढऱ्यांतले गोळे थांबलेत.

आईला आंबील करायची आहे, पण आमच्याकडे ती बंद पडून वीस वर्षं झाली. प्रमाण कोणी सांगेल का?

ओटाआणिचूल | २३ मे, रात्री ९:०५

दोन मोठे चमचे ज्वारीचं पीठ वाटीभर ताकात रात्री कालवून झाकून ठेवा. सकाळी तीन वाट्या पाणी उकळून त्यात ते हळूहळू सोडा, ढवळत राहा, नाहीतर गाठी होतात. शिजून जरा दाटलं की उतरवा. गार झाल्यावर आणखी वाटीभर ताक, जिरं आणि लसणाची एक पाकळी ठेचून. मीठ डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याच हिशोबातलं, वरून वेगळं नाही.

निळीशाई | २३ मे, रात्री ९:२०

दादा, आठ दिवसांचा रिपोर्ट आला की इथं नक्की लिहा. वाट बघते.